रक्ताच्या थेंबात मेंदू सापडत नाही

गैरसमज : ग्राफीनचा सेन्सर निघालाय. आता शुगरसारखं बोट टोचलं की मेंदूतलं डोपामिन घरबसल्या कळेल, आणि पार्किन्सनचं निदान वर्षानुवर्षं आधी होईल.

वस्तुस्थिती : होणार नाही. निदान या वाटेने तरी नाही.

हा दावा व्हॉट्सॲपवर फिरत असतोच. पुण्यात त्याला ‘आपल्या पाषाणच्या लॅबमध्येच शोध लागलाय’ अशी पुस्तीही जोडली जाते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, कार्बनवर दमदार काम झालं आहे हे खरं. विजयमोहनन पिल्लई यांच्या गटाने २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’त कार्बन नॅनोट्यूब विजेच्या मदतीने उभ्या उसवून ग्राफीनच्या पट्ट्या करण्याची रीत मांडली. पण ते काम पदार्थ घडवण्याचं होतं. त्यावरून मेंदूच्या तपासणीपर्यंत उडी मारली ती आपण.

मुळात सेन्सर करतो काय? ठरावीक व्होल्टेज मिळालं की डोपामिनचा रेणू इलेक्ट्रोडला दोन इलेक्ट्रॉन देतो. तो इवलासा प्रवाह मोजायचा, की प्रमाण कळतं. कार्बन इथे कामी येतो कारण त्याच्या पृष्ठभागावरचे ऑक्सिजनयुक्त गट डोपामिनला धरून ठेवतात. अडचण अशी, की साध्या कार्बनवर व्हिटॅमिन सी जवळपास त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन देतं आणि शरीरात ते डोपामिनपेक्षा कितीतरी पट जास्त असतं. ग्राफीन, नॅनोट्यूब किंवा नाफिऑनचा ऋणभारित लेप वापरून हे दोन संकेत वेगळे करता येतात. शेकडो शोधनिबंध आहेत त्यावर, आणि काम चोख आहे.

पण त्यातला प्रयोगाचा भाग वाचा. बहुतेक ठिकाणी बफरच्या स्वच्छ द्रावणात विकतचं डोपामिन मोजून टाकलेलं असतं. ‘खरा नमुना’ म्हणून कित्येकदा दवाखान्यात मिळणारं डोपामिनचं इंजेक्शनच पातळ करून घेतात! आपणच टाकलेलं आपल्याला सापडलं, एवढाच त्याचा अर्थ. बातमीत मात्र त्याचं ‘मेंदूविकारांचं झटपट निदान’ होतं.

आता आकडे बघा. उपाशीपोटी शुगर ९० असेल तर ग्लुकोज साधारण ५ मिलिमोलर भरतं. रक्तातल्या मुक्त डोपामिनची नेहमीची मर्यादा मिलिलिटरला ३० पिकोग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम ०.२ नॅनोमोलर. रेणूंच्या हिशेबात ग्लुकोज अडीच कोटी पटींनी जास्त. शिवाय ग्लुकोमीटरच्या पट्टीवर फक्त ग्लुकोज ओळखणारं एन्झाइम असतं. उघड्या कार्बनला असली निवड जमत नाही. पार्किन्सनच्या रुग्णाला दिलं जाणारं लेव्होडोपासुद्धा डोपामिनच्या अगदी जवळच ऑक्सिडाइज होतं. म्हणजे ज्याच्यासाठी हे यंत्र हवं, त्याचंच औषध त्याला चकवणार.

बरं, हे सगळं जमलं असं धरून चालू. तरी मूळ प्रश्न उरतोच : रक्तातलं डोपामिन मेंदूतलं नसतं. ते मुख्यतः शरीरातल्या चेता, अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि आतड्यांतून येतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर डोपामिन ओलांडत नाही; म्हणूनच तर पार्किन्सनमध्ये डोपामिन न देता, तो ओलांडणारं लेव्होडोपा देतात. रक्तावरून मेंदूचा अंदाज बांधणं म्हणजे भिडे पुलाखालची मुठा पाहून तुमच्या गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते सांगणं. रक्तातलं डोपामिन मोजणारी चाचणी आहे, पण ती अ‍ॅड्रिनलच्या काही गाठींचा माग काढायला. ‘मूड’ तपासायला नाही हो!

मेंदूतलं डोपामिन कार्बनने मोजता येतं, पण त्यासाठी कार्बन मेंदूत न्यावा लागतो. कॅन्सस विद्यापीठाच्या राल्फ अ‍ॅडम्स यांनी १९७३ मध्ये उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड ठेवून ही वाट उघडली. पुढे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, सुमारे ७ मायक्रॉन जाडीचा कार्बन तंतू आला. त्यावर सेकंदाला दहादा व्होल्टेज चढवून उतरवतात. माणसांतही हे झालं आहे : ‘पीएनएएस’मधल्या २०१६ च्या निबंधात १७ पार्किन्सन रुग्णांची मोजणी आहे, तीही मेंदूची शस्त्रक्रिया चालूच होती म्हणून. आणि या पद्धतीत कळतो तो क्षणाक्षणाचा चढउतार. मेंदूत एकूण डोपामिन किती, हे नव्हे.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘नॅनो असल्याशिवाय डोपामिन सापडत नाही.’ शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड करूनही सापडतं.

‘केळी खा, डोपामिन वाढेल.’ केळ्यात ते असतं, पण अडसर त्याच्यासाठीही तोच.

‘डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन.’ ते हालचाल सांभाळतं, दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनला आवर घालतं, मूत्रपिंडातही काम करतं.

‘डोपामिन डिटॉक्स.’ मोबाइल जरूर बाजूला ठेवा; पण डोपामिन हे विष नाही, ते शरीरातून काढून टाकायचं नसतं.

एका हाताला थरथर सुटली, अक्षर बारीक होत गेलं, चालताना हात हलेनासा झाला, तर न्यूरॉलॉजिस्ट गाठा. तो तुम्हाला चालायला लावेल, अंगठ्यावर तर्जनी भराभर टेकवायला सांगेल, मनगट फिरवून ताठरपणा बघेल. शंका उरलीच तर स्कॅन सांगेल. पार्किन्सनचं निदान आजही मुख्यतः असंच होतं. पैसे खर्चायचेच असतील तर त्या तपासणीवर खर्चा.