युनिट-६४ आणि सरकारी जबाबदारी

युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया या म्युच्युअल फंड संस्थेची 'युनिट-६४' ही योजना १९६४ साली सुरू झाली. मध्यमवर्गीयांनी तिच्यात निवृत्तीचा पैसा निर्धास्तपणे ठेवला, कारण मागे सरकार आहे असा सर्वांचा समज होता. योजनेचा मूळ दोष किमतीत होता. युनिटची खरेदी-विक्रीची किंमत ट्रस्ट स्वतः ठरवत असे. हाती असलेल्या शेअरच्या बाजारमूल्याशी तिचा मेळ नव्हता. शेअर बाजार कोसळला तशी ही दरी वाढली. १९९९ मध्ये सरकारने एकदा सावरले, पण किंमत ठरवण्याची पद्धत तशीच राहिली. हीच सर्वांत मोठी चूक. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली.

अखेर भार सरकारी तिजोरीवर आला. २००३ मध्ये ट्रस्टचे विभाजन झाले आणि युनिटधारकांना ६.७५ टक्के व्याजाचे करमुक्त रोखे मिळाले. ट्रस्टच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले, संयुक्त संसदीय समितीने चौकशी केली. अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांच्यावर टीका झाली. ते मात्र जुलै २००२ पर्यंत त्याच खात्यात होते आणि नंतर परराष्ट्रमंत्री झाले. करदात्यांचा पैसा वापरला गेला, तरी त्या प्रमाणात राजकीय जबाबदारी कोणीही स्वीकारली नाही.