जाहिरातीचा पैसा कधी वसूल होतो?

महाराष्ट्राच्या सीमेवरच्या वेवजी गावाला खेटूनच गुजरातचं सोलसुंबा, पुढे उंबरगाव. गिऱ्हाईक दोन राज्यांतलं, त्यामुळे फलकही मराठी-गुजराती दोन्हींत लागतो. खर्चाआधी हिशेब मांडा. समजा, चिकू चिप्सचं पाकीट १०० रुपयांना विकलं आणि कच्चा माल, वाळवणी, पॅकिंग, वाहतूक वजा जाता २५ रुपये उरले. जाहिरातीवर ५,००० रुपये घातले, तर ते भरून निघायलाच २०० पाकिटं जादा खपायला हवीत. जादा म्हणजे जाहिरात नसती तर खपलीच नसती अशी. विक्री २०,००० रुपयांची, म्हणून ‘चौपट परतावा’ मिळाल्यासारखं वाटतं. हातात मात्र एक पैसाही नफा नाही. नवे बचतगट इथेच फसू शकतात.

पिकलेला चिकू थोड्याच दिवसांत विकावा लागतो, म्हणून त्याच्या जाहिरातीचं फळ त्याच आठवड्यात दिसलं पाहिजे. नाव कमवायला मात्र वर्षं जातात. गंजाड गावचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं १९७०च्या दशकात गावाबाहेर पोचली. पद्मश्री मिळाली २०११ मध्ये. डहाणू-घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्याशिवाय ते पाकिटावर छापता येत नाही.

जाहिरातीमुळे किती जादा खप झाला हे कळावं म्हणून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असं विचारा, उत्तर वहीत टिपा. निदान एक हंगाम तरी.