मूल वाढवायला किती हात लागतात?

मागच्या व्याख्यानात आपण नैसर्गिक निवड म्हणजे काय ते पाहिलं. आज तोच धागा माणसाच्या बालपणापर्यंत न्यायचा आहे. प्रश्न साधाच आहे. माणसाचं एक मूल वाढवायला किती माणसं लागतात?

पटकन येणारं उत्तर म्हणजे 'आई'. बाकीचे मदतनीस, असले तर बरं, नसले तरी चालतं. गेल्या पन्नासेक वर्षांतला उत्क्रांतीचा अभ्यास मात्र वेगळं सांगतो. माणूस ही जात एकट्या आईच्या भरवशावर टिकलेलीच नाही, असं तो म्हणतो. आपण दाभोळात बसलोय, त्यामुळे हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. सुरुवात किनाऱ्यावरूनच करू.

कासवाचा हिशेब

इथून उत्तरेला आंजर्ले, त्याच्याही पुढे वेळास. तिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ही घरटी राखायला सुरुवात केली, हे आपल्याला माहीत आहे. मादी रात्री वाळूत येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वर वाळू लोटते आणि परत समुद्रात जाते. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात तेव्हा आई तिथे नसते. पिल्लांना शिकवायला कुणी नाही, भरवायला कुणी नाही. थेट पाण्याकडे धाव. त्यातली फार थोडी मोठी होतात.

याला निर्दयपणा म्हणू नका, हा एक हिशेब आहे. पिल्लं भरपूर, प्रत्येकावर खर्च शून्य. माणसाचा हिशेब याच्या अगदी उलट्या टोकाचा आहे. मुलं थोडी, आणि प्रत्येकावर खर्च प्रचंड.

खर्च म्हणजे नेमकं काय? जन्मलेल्या बाळाचा मेंदू प्रौढ माणसाच्या मेंदूच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश असतो. उरलेली वाढ जन्मानंतर होते. मोठ्या माणसाच्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा मेंदू खातो. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलात हा वाटा निम्म्याच्या जवळ जातो. गंमत बघा, याच वयात मुलाच्या अंगाची वाढ सगळ्यात मंद असते. म्हणजे शरीर जणू म्हणतं, आधी मेंदूचं भागू दे, उंचीचं नंतर बघू. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांचे जे अभ्यास झाले, त्यांत दिसतं की मूल स्वतः खातं तेवढं स्वतः मिळवायला लागेपर्यंत अठरा-वीस वर्षं जातात. तोवर त्याचं पोट दुसरं कुणीतरी भरत असतं.

आकडेमोड जुळत नाही

आता खरी अडचण. चिंपांझी मादी एका पिल्लानंतर दुसरं पिल्लू साधारण पाच-सहा वर्षांनी देते. पहिलं बऱ्यापैकी स्वतंत्र झालं की मगच दुसरं. माणसाचं मूल त्याहून कितीतरी जास्त काळ परावलंबी, म्हणजे दोन मुलांतलं अंतर आणखी मोठं हवं. प्रत्यक्षात शिकारी-संकलक समाजांतही ते तीन-चार वर्षांचंच आढळतं. म्हणजे कडेवर एक, बोटाला धरून एक, आणि 'भूक लागली' म्हणत मागे येणारं तिसरं. एकट्या बाईने मिळवलेल्या अन्नात हे बसतच नाही.

मग भागत कसं होतं? सेरा ब्लॅफर हर्डी या अमेरिकन अभ्यासकांनी या प्रश्नाला आयुष्य दिलं. त्यांची सुरुवात आपल्याच देशात झाली. १९७० च्या दशकात त्या राजस्थानात माउंट अबूला वानरांचा अभ्यास करत होत्या. वानर म्हणजे तेच, आपल्या नारळी-पोफळीत धुडगूस घालणारे काळ्या तोंडाचे. वानरीचं पिल्लू जन्मल्यापासून काही दिवसांतच टोळीतल्या इतर माद्यांच्या हातात फिरतं. आई तेवढ्यात पोटभर चरून घेते. पण या 'मावश्या' पिल्लाला धरतात, खाऊ घालत नाहीत. माणसाने पुढची पायरी गाठली. इतर माणसं मुलाला धरतातही आणि भरवतातही. २००९ च्या आपल्या पुस्तकात हर्डींनी मांडलं की माणूस ही एकत्र मिळून मुलं वाढवणारी जात आहे.

आजी कशासाठी?

या 'इतरां'मध्ये एक व्यक्ती उत्क्रांतीच्या दृष्टीने मोठं कोडं आहे. ती म्हणजे आजी. बहुतेक सस्तन प्राण्यांत मादी जवळजवळ अखेरपर्यंत पिल्लं देऊ शकते. बाईची पाळी मात्र पन्नाशीच्या आसपास थांबते आणि ती पुढे वीस-तीस वर्षं धडधाकट जगते. निवडीची सगळी मदार जर पुढच्या पिढीवर, तर ही वर्षं कशासाठी?

क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांमध्ये जाऊन बायका दिवसभर काय करतात ते मोजलं. म्हाताऱ्या बायका टणक जमिनीतून कंद खणण्यात तरुणींना हार जात नव्हत्या. आईच्या अंगावर नवं बाळ आलं की आधीच्या नातवंडांचं पोषण आजीच्या खणण्यावर चालत होतं. यातून विचार पुढे आला तो असा: ज्या बायका स्वतःची मुलं होणं थांबल्यावरही जगल्या आणि राबल्या, त्यांची नातवंडं जास्त वाचली, आणि दीर्घायुष्याचा वारसा त्या नातवंडांतून पुढे गेला.

इथे एक शंका नेहमी येते. 'पूर्वी माणसं चाळिशीतच जायची ना?' तसं नाही. सरासरी आयुष्य कमी होतं ते मुख्यतः बालमृत्यूंमुळे. बालपण पार केलेली बरीच माणसं साठी-सत्तरी गाठत. आज्या तेव्हाही होत्या.

आफ्रिकेतल्या गांबियात १९५० ते १९७४ या काळात काही गावांतल्या मुलांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या गेल्या. रेबेका सीअर आणि रूथ मेस यांनी पुढे त्या तपासल्या. आईची आई हयात असेल तर अंगावरचं दूध सुटण्याच्या वयातली मुलं जास्त जगत होती. बाप हयात असण्या-नसण्याने मात्र तिथे फारसा फरक पडत नव्हता. हे सगळीकडे तसंच असतं असं मुळीच नाही. काही समाजांत बापाने फरक पडतो, काहींत वडिलांच्या आईने, काहींत थोरल्या भावंडांनी. पण कुणीतरी लागतंच, हे सूत्र टिकून राहतं.

कोकणातली मांडणी

आता आपल्याकडे बघू. पहिलं बाळंतपण माहेरी, ही प्रथा त्या गांबियाच्या नोंदींशेजारी ठेवून पाहा. बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या. उष्टावणाला पहिला घास बऱ्याच घरांत मामा भरवतो. आम्हाला यात एक सूचना दिसते. बाळ काही दिवसांचं, सहा महिन्यांचं असतानाच एकेका नातेवाइकाला चारचौघांत सांगितलं जातं, की बाबा, तुझाही यात वाटा आहे.

इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध केलं. त्यांचं सासर म्हणजे महर्षी कर्व्यांचं घर, मूळ इथल्याच दापोली तालुक्यातल्या मुरूडचं. त्यांनी दाखवलं की उत्तरेत मुलगी अनोळखी गावात, अनोळखी घरात जाते. दक्षिणेत लग्नं पुष्कळदा ओळखीच्या नात्यात होतात. महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये आहे. आजच्या विषयाच्या भाषेत याचा अर्थ असा, की नव्या आईला स्वतःची माणसं किती जवळ, हे लग्नाच्या रीतींवर ठरतं.

आणि मग आली मुंबई. गिरण्यांना रत्नागिरी जिल्ह्याने पिढ्यान् पिढ्या माणसं पुरवली. बाप मुंबईत, नंतर कित्येकांचे आखातात. घर मनीऑर्डरवर. धक्क्यावर मासळी उतरली की पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईचं मूल कुठे असायचं? आजीपाशी, नानीपाशी, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. कोकण टिकलं त्यात या बिनपगारी हातांचा वाटा मोठा आहे.

पण इथे जपून बोलू. एखादी गोष्ट उत्क्रांतीत घडली म्हणून ती योग्य ठरत नाही. भावाला सांभाळण्यासाठी ज्या मुलीची शाळा सुटली, तिने त्याची किंमत जन्मभर मोजली. 'निसर्गाने आजी त्यासाठीच दिली आहे' असं म्हणून साठीतल्या बाईवर नातवंडं टाकून मोकळं होणं, हा या संशोधनाचा अर्थ नव्हे. संशोधन एवढंच सांगतं की हात जास्त लागतात. ते कुणाचे असावेत, हे आपण ठरवायचं.

मग आज?

आज वाडीत आजी एकटी आणि विरार-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये सून एकटी. दोघींच्या मध्ये कोकण रेल्वे. मूल रडतं, जेवत नाही, आई रडकुंडीला येते. मग कुणीतरी म्हणतं, 'आमच्या वेळी नाही बाई असं व्हायचं.' बरोबर आहे, व्हायचं नाही. कारण 'त्या वेळी' ओटीवर चार माणसं होती. त्या सुनेत काही कमी नाही. माणसाच्या इतिहासात आईला क्वचितच करावं लागलेलं काम ती चार भिंतींत एकटी करते आहे.

यावर वाट काढणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात, आधी बोर्डीला आणि मग १९५७ पासून कोसबाडला काम केलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मोठी मुलं धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. थोरल्या बहिणीच्या कडेवरचं मूल उतरलं आणि तिच्या हातात पाटी आली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी हा शब्द घरोघर पोचला. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं.

अंगणवाडीताई, पाळणाघरातली मावशी, रजा घेऊन घरी थांबलेला बाप: हे सगळे उत्क्रांतीच्या जुन्या हिशेबातले नवे हात आहेत. 'मूल परक्याच्या हाती दिलं' असं म्हणायच्या आधी एवढं आठवावं, की माणसाचं मूल मुळातच अनेकांच्या हातांत वाढलेलं आहे. हर्डी तर म्हणतात की दुसऱ्याचा चेहरा वाचायचं, मनातलं ओळखायचं आपलं कौशल्यही त्यातूनच आलं असावं. कारण ज्या बाळाला अनेकांना जिंकायचं असतं, त्याला अनेकांना समजून घ्यावं लागतं.

घरी गेल्यावर एक करा. आपल्याला लहानपणी कुणाकुणाच्या हातचा घास मिळाला, त्यांची नावं आठवा. यादी एका नावावर थांबणार नाही. आणि मग आपल्या ओळखीतल्या एखाद्या नव्या आईच्या यादीत किती नावं आहेत, तेही विचारून बघा. कमी असतील तर त्यात आपलं एक घाला.

पुढच्या वेळी आपण भाषेकडे वळू.