‘नामशेष’ आणि ‘प्रदेशलुप्त’
‘नामशेष’ म्हणजे केवळ नावच उरलेले. ‘स्फॅग्नम ऑस्टिनाय’ या शेवाळीस हे विशेषण लावता येईल काय, हे पाहण्याजोगे आहे. केवळ पर्जन्यजलावर पोसलेल्या दलदलींत ती घट्ट उंचवटे रचते. ब्रिटनमधील अशा दलदलींच्या पीटमध्ये तिचे सहस्रावधी वर्षांचे अवशेष विपुल आढळतात. परंतु मध्ययुगाच्या उत्तरार्धानंतरच्या थरांत ते अनेक ठिकाणी दिसेनासे होतात. हवामानातील पालट, चर खणून केलेला पाण्याचा निचरा व जाळपोळ ही कारणे सांगितली जातात. त्यांत प्रमुख कोणते, याविषयी अभ्यासकांत मतैक्य नाही. तथापि पश्चिम स्कॉटलंडात व आयर्लंडात ती आजही जिवंत आहे. म्हणून तिला ‘प्रदेशलुप्त’ म्हणणेच युक्त होय. अन्यथा उरलेल्या दलदलींच्या रक्षणाचे प्रयोजनच दृष्टिआड होते.