पेरांब्राच्या लिनी सिस्टर

2018 च्या मे महिन्याचा पहिला आठवडा. केरळमधल्या कोझिकोड जिल्ह्यातल्या पेरांब्रा तालुका रुग्णालयात तापाने फणफणलेला एक तरुण दाखल झाला. तालुक्याच्या दवाखान्याला तापाचे पेशंट नवे नसतात. त्या दिवसांत लिनी पुथुसेरी वॉर्डात रात्रपाळी करत होत्या. रात्रपाळीच्या सिस्टरला काय काय करावं लागतं, हे पेशंटजवळ रात्र काढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. दर थोड्या वेळाने ताप बघायचा, सलाईनची बाटली बदलायची, उलटी होत असेल तर भांडं धरायचं, तोंड पुसून द्यायचं, घाबरलेल्या नातेवाइकांशी दोन शब्द बोलायचे. यातलं एकही काम लांब उभं राहून होत नाही.

त्या तरुणाला पुढे कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात हलवलं आणि 5 मे रोजी तो गेला. कशाने गेला, हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. त्याच्या घरातली आणखी माणसं आजारी पडली, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. नमुने आधी मणिपालच्या प्रयोगशाळेत आणि तिथून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले. पुण्याने शिक्कामोर्तब केलं: निपा.

तोवर लिनींना ताप भरला होता.

लिनी कंत्राटी परिचारिका होत्या. वय तिशीच्या आसपास. नवरा बहारीनमध्ये नोकरीला, घरी दोन मुलगे, एक पाच वर्षांचा आणि एक दोन वर्षांचा. नवरा आखातात आणि बायको मुलांना सांभाळून इथे नोकरी करते, अशी घरं केरळमध्ये गावोगावी आहेत. बायको आजारी असल्याचं कळताच लिनींचे पती धावत आले. अतिदक्षता विभागात त्यांची भेट झाली ती जेमतेम काही क्षणांची. 21 मे रोजी लिनी गेल्या. संसर्गाच्या भीतीमुळे त्यांचा देह घरी आणता आला नाही. घाईघाईने विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार उरकावे लागले. मुलांना आईचं शेवटचं दर्शनही झालं नाही.

मागे उरली ती एक चिठ्ठी. मोजक्या ओळींची, अतिदक्षता विभागातल्या खाटेवर पडल्या पडल्या लिहिलेली. मल्याळी बायका नवऱ्याच्या नावापुढे आदराने ‘एट्टा’ लावतात, तशीच तिची सुरुवात आहे. आता आपली भेट होईलसं वाटत नाही, असं लिनींनी त्यात कळवलं आणि त्याबद्दल माफी मागितली. मुलांना नीट सांभाळा, त्यांना आखातात सोबत न्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. आजाराची तक्रार नाही, स्वतःच्या वेदनेचा उल्लेख नाही. हातात उरलेली थोडी शक्ती या आईने मुलांची सोय लावण्यासाठी खर्च केली. चिठ्ठीचं छायाचित्र वर्तमानपत्रांत आलं आणि मल्याळमचं एक अक्षरही न वाचता येणाऱ्यांच्या डोळ्यांतही पाणी उभं राहिलं.

लिनींना जो आजार झाला, त्याचं नाव मलेशियातल्या एका खेड्यावरून पडलं आहे. तिथे 1998-99 मध्ये हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला. तो राहतो फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत, आणि वटवाघळांना त्याचा त्रास होत नाही. माणसात शिरला, तर मात्र तो मेंदूला आणि फुफ्फुसांना सूज आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे शंभर रुग्णांपैकी 40 ते 75 दगावतात. लक्षणं दिसायला बहुधा 4 ते 14 दिवस लागतात, म्हणून पेशंट जाऊन आठवडा उलटल्यावर त्याची शुश्रूषा करणारी माणसं आजारी पडू लागतात. मंजूर झालेली लस किंवा हमखास औषध तेव्हा नव्हतं.

माणसाकडून माणसाकडे तो जातो थुंकी, उलटी, खोकल्याचे तुषार अशा स्रावांतून, म्हणजे नेमका शुश्रूषेच्या वाटेने. भारतात तो पहिल्यांदा दिसला 2001 मध्ये, पश्चिम बंगालच्या सिलिगुडीत. तिथल्या रुग्णांत दवाखान्याचे कर्मचारी आणि पेशंटला भेटायला आलेली माणसंच मोठ्या संख्येने होती. 2018 च्या केरळमधल्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने 19 रुग्ण मोजले. त्यांतले 17 दगावले. बहुतेकांना लागण रुग्णालयांतच झाली होती. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी पुढे त्या भागातली 52 वटवाघळं तपासली, तेव्हा त्यांतल्या 10 वटवाघळांत विषाणू सापडला.

लिनी गेल्यावर पेरांब्राच्या बाकीच्या सिस्टरांना वेगळाच त्रास सोसावा लागला. रिक्षावाले त्यांना बसवून घेईनात, बसमध्ये शेजारी कुणी बसेना. तरीही त्या ड्युटीवर येत राहिल्या. आपल्या मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळहून आलेल्या कितीतरी सिस्टर वर्षानुवर्षं काम करतात. दोनच वर्षांनी कोरोना आला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची ती नजर महाराष्ट्रातल्या परिचारिकांच्याही वाट्याला आली.

केरळ सरकारने लिनींच्या दोन्ही मुलांच्या नावे प्रत्येकी 10 लाख रुपये ठेवले आणि पतीला आरोग्य खात्यात नोकरी दिली. 2019 मध्ये ‘व्हायरस’ नावाचा मल्याळम चित्रपट आला. त्यातली परिचारिका लिनींवरून बेतलेली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार दिले गेले. लिनींचा मरणोत्तर पुरस्कार त्यांच्या पतीने स्वीकारला.

दवाखान्यांतही बदल झाले. तापासोबत मेंदूज्वराची लक्षणं दिसली की निपाची शंका घ्यायची, पेशंटला वेगळं ठेवायचं, मास्क, हातमोजे आणि गाउन घालूनच जवळ जायचं, संपर्कात आलेल्या प्रत्येकाची यादी करायची, ही शिस्त केरळने अंगी बाणवली. 2019 मध्ये एर्नाकुलमच्या एका विद्यार्थ्याला निपा झाला. तो वाचला आणि त्याच्यापासून दुसऱ्या कुणाला लागण झाली नाही. 2021 मध्ये कोझिकोडचा बारा वर्षांचा मुलगा गेला, पण साथ पुढे सरकली नाही.

2023 च्या सप्टेंबरमध्ये निपा पुन्हा कोझिकोडला आला. सहा जणांना लागण झाली, दोघे दगावले. उरलेल्या चौघांत खासगी रुग्णालयातला एक तरुण आरोग्य कर्मचारी होता. पेशंटजवळ काम करतानाच त्याला लागण झाली होती. महिना संपायच्या आत तो बरा होऊन घरी गेला.