बाळाबरोबर आईचीही सोय

१९९२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटले की कुपोषण आठवते. त्यावरील उपचाराची रीत मात्र आपल्याला फारशी ठाऊक नसते.

दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी आणि भूक मेलेली किंवा आजारी, अशा बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात आईसह ठेवतात. खाटा मोजक्याच. आल्याबरोबर पोटभर भरवावे असे कोणालाही वाटेल. पण खंगलेल्या शरीराला ते सोसत नाही, जिवावरही बेतते. म्हणून आधी १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी असे दूध, थोडे थोडे, दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा. अंगही उबदार राखायचे. भूक परतली की १०० कॅलरींचे दूध.

रात्री दोन वाजता वाटी-चमच्याने पाजायला आईच लागते. तिची मात्र इतर मुले घरी, आणि दिवाळीनंतर घरची माणसे वीटभट्टीवर निघालेली. यासाठीच तिला जेवण व बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. आम्ही पडलो बँकेतली माणसे. केंद्र कसे आहे हे विचारताना, ती मजुरी तिच्या हाती कोणत्या दिवशी पडली, हे आम्ही आधी विचारू. उशीर झाला तर ती अर्ध्या उपचारातून बाळाला उचलून निघते. भट्टीचा मुकादम काही तिच्यासाठी थांबत नाही.