गांजा, लघवी आणि सरकारी अर्ज

आपल्या जिल्ह्यातली काही मुले आता अमेरिकेची नागरिक आहेत. त्यांच्यापैकी कुणी तिथल्या सरकारी गोपनीय कामासाठी अर्ज केला, की आईवडील मला हळूच विचारतात, ‘डॉक्टर, गांजा अंगातून किती दिवसांत जातो?’

एखाद्या वेळी ओढला असेल तर लघवीत साधारण तीन दिवस दिसतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही, कारण तो चरबीत साठतो. (होळीची भांगही त्याच झाडाची, बरे का!) पण प्रश्न लघवीचा नाहीच. तिथल्या एसएफ-८६ अर्जात गेल्या ७ वर्षांतले सेवन विचारतात. शेजारी, मित्र यांच्याकडेही चौकशी होते. राज्याने मुभा दिली, तरी केंद्रीय कायदा ती मानत नाही. मात्र पूर्वी ओढला एवढ्यावरूनच नकार ठरत नाही, असे तिथल्या गुप्तचर संचालकांनी २०२१ मध्ये स्पष्ट केले. जाणूनबुजून खोटे लिहिले तर ५ वर्षांपर्यंत कैद!

म्हणून लघवी ‘साफ’ करण्याचे उपाय मी सांगत नाही. आजच थांबवा, आणि कधी, किती घेतला ते खरे लिहा. सुटत नसेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. पूर्ण केलेला उपचार तिथे जमेस धरतात.